चौकोनी आस

माकुल मोजायची नोकरी लागली तेव्हा घरात सगळे हसले होते. आम्ही पनवेलचे कोळी. बाबांनी सारं वय खाडीत काढलं. पुढे खाडी गाळानं भरली, कडेनं भराव पडले, तसं जाळं गुंडाळून ते बर्फाच्या कारखान्यात कामाला लागले. म्हावरं धरायचं, विकायचं, रांधायचं, सुकवायचं, हे त्यांना ठाऊक होतं. ते पट्टीला लावून कागदावर लिहिण्याबद्दल कोणी पगार देतं, हे काही त्यांना पटेना.

मी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते. पुढची चार वर्षं एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवलं, मधले काही महिने कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात बसले. समुद्रातल्या माकुलांचं, म्हणजे स्क्विडचं, काय होतंय, याचा अभ्यास करणारा एक प्रकल्प निघाला होता आणि त्यांना बंदरावर जाऊन नमुने घेणारं माणूस हवं होतं. काम कंत्राटी होतं. आठवड्यातून तीन दिवस सकाळची पहिली बस धरून उरणकडच्या बंदरावर जायचं, बोटी धक्क्याला लागल्या की त्यांच्या मालातली एकेक पाटी मागून घ्यायची, प्रत्येक माकुल मोजायचं, काही चिरून आत बघायचं, आणि सगळं तक्त्यात भरायचं.

उरणला माझी मोठी बहीण दिलेली आहे. तिच्या नवऱ्याची, माझ्या भावजींची, स्वतःची ट्रॉलर होती आणि तांडेलही तेच होते. सुकाणू दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेलं त्यांना चालत नसे. माणूस कमी बोलणारा. काही सांगायचं असलं की आधी डोक्यावरची टोपी काढायचे, केसांवरून हात फिरवायचे, टोपी परत घालायचे आणि मग बोलायचे. पहिल्या दिवशी मी लाकडी पट्टी घेऊन धक्क्यावर उभी राहिले तर त्यांनी हे सगळं साग्रसंगीत केलं आणि म्हणाले, "काय गो बाय, आमच्या माकुलांची मापं घेतंस? मग कपडं पन शिवून दे त्यांना."

त्यांचे सातही खलाशी हसले. मीही हसले. पण त्या दिवशी मला नमुन्याची पहिली पाटी दिली ती त्यांनीच.

माकुल मी लहानपणापासून खात आले होते. ताई माहेरी यायची तेव्हा डबा भरून कालवण आणायची. पण हातात धरून नीट बघितलं ते नोकरीत. नुकतं बाहेर काढलेलं माकुल मेल्यावरही काही वेळ रंग बदलत राहतं. कातडीवर तपकिरी-लाल ठिपके असतात, ते फुलतात, मिटतात, पुन्हा फुलतात. मापाची पट्टी त्याच्या पिशवीला, म्हणजे धडाला, लावायची, डोक्याला आणि पायांना नाही. मग पिशवी उभी चिरायची. आत काचेच्या पिसासारखी एक पारदर्शक काडी असते, शाईची थैली असते, आणि मादी असली व दिवस भरत आले असले तर साबुदाण्यासारख्या अंड्यांनी अर्धी पिशवी भरलेली असते.

आमच्या सरांनी, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुखांनी, मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "याचं आयुष्य जेमतेम वर्षाचं. अंडी घालतं आणि मरतं. घोळ-रावसासारखं चार-पाच वर्षं जगत नाही. त्यामुळे अंडी घालायच्या आधीच सगळी पकडली गेली तर पुढच्या वर्षासाठी मागे कोणी उरत नाही. आपल्याला एवढंच बघायचंय, बोटींत येणारी माकुलं अंडी घालण्याच्या वयाची आहेत की त्याआधीची."

पहिल्या वर्षाच्या शेवटी तक्ते बघायला सरांची गरज उरली नव्हती. हातालाच कळायचं. मोठी माकुलं वरवर रचलेली असायची आणि खाली बोटाएवढी. आम्ही कोळ्यांनी ज्याला पूर्वी माकुल म्हटलंही नसतं, अशी. माल विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या तीही उचलायच्या.

भावजी माझं काम बघायचे. आधी येता-जाता, मग मुद्दाम. मासळी उतरवून झाली की ते माझ्या शेजारी दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसायचे. एक दिवस त्यांनी जाळ्यातून काढलेला एक गुंता माझ्यापुढे टाकला. पांढरट, बुळबुळीत, बोटांसारख्या लांब शेंगा, शंभरेक तरी, एका टोकाला एकत्र जोडलेल्या.

"बाय, यो काय हाय ता सांग. आमी याला जाल्याची घान म्हनताव. घासून काढाया लागतो."

मी एक शेंग उजेडाकडे धरली. आत दाण्यांची रांग होती, आणि प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके. डोळे. मी ती शेंग त्यांच्या तळहातावर ठेवली.

"भावजी, ही माकुलांची अंडी आहेत. तळाला चिकटवून ठेवतात. जाळं तळावरून ओढलं की उपटून येतात."

त्यांनी ती शेंग बराच वेळ धरून ठेवली. टोपी काढली, पण परत घालायची विसरले.

"तीस वर्सं," ते म्हणाले. "तीस वर्सं मी ही पोरं ब्रशानं घासून काढली."

मग ते उठले, तो गुंता बादलीत घातला, समुद्राचं पाणी घेतलं, आणि एका लहान होडीवाल्याला सांगून धक्क्यापासून दूर नेऊन सोडला. तो जगला असेल असं मला वाटत नाही. मी त्यांना तसं बोलले नाही.

त्यानंतर ते प्रश्न विचारायला लागले. मला येईनात ते मी सरांना विचारून यायची. असं करता करता एकदा सर स्वतःच बंदरावर आले आणि त्यांनी भावजींना जाळ्याबद्दल सांगितलं. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी एक पिशवी असते, तिला खोळा म्हणतात; सगळी मासळी अखेर तिथे गोळा होते. नेहमीच्या जाळ्याचा आस, म्हणजे गाठींमधलं भोक, तिरका असतो. ओढ बसली की तो मिटतो, आणि बारीक जीवसुद्धा निसटू शकत नाही. खोळ्याचा आस चौकोनी ठेवला तर ओढ बसली तरी तो उघडा राहतो आणि पिल्लं बाहेर पडतात. कागदावर हा नियम होताच. बंदरावर तो कोणी पाळत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

त्या पावसाळ्यात, मासेमारीबंदीच्या दिवसांत, भावजींनी आणि ताईनं मिळून चौकोनी आसाचा खोळा बांधला. मी रविवारी जायची तेव्हा दोघं ओटीवर समोरासमोर बसलेली असायची, मधे हिरवं जाळं. ताईचा हात जाळ्यावर फार चांगला. ती भावजींची गाठ बघायची आणि न बोलता सोडून परत मारायची. ते म्हणायचे, "बग, तुजी बयन मना शिकवते." ताई म्हणायची, "शिकला असतास तर कवाच शिकला असतास." मला त्या दोघांचं इतकं बरं चाललेलं कधी दिसलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं त्यांना, आणि त्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे. तो खोळा पुरा झाला तेव्हा ताईनं त्याला हळदकुंकू लावलं.

मोसम सुरू झाला. भावजींच्या पाट्या कमी भरायला लागल्या, पण त्यांत माकुलं मोठी होती. माझ्या पट्टीवर ती एका नजरेत वेगळी दिसायची. खलाशी कुरकुरायचे. त्यांचा वाटा मालावर असतो, आणि शेजारच्या बोटीचा माल त्यांच्या डोळ्यांसमोर उतरत होता. भावजी म्हणायचे, "आज जी सुटली ती दोन म्हयन्यांनी येतील, मोठी होऊन." खलाशी म्हणायचे, "येतील, पन आपल्याच जाल्यात येतील कशावरनं?"

हा प्रश्न खरा होता. म्हणून भावजींनी मच्छीमार सोसायटीची सभा बोलवायला लावली. सोसायटीच्या हॉलमध्ये पंख्याखाली पन्नास-साठ माणसं खुर्च्यांवर बसली होती. मला माझी पट्टी, चिरलेली माकुलं आणि अंड्यांच्या शेंगांची बरणी घेऊन पुढे उभं केलं. मी बोलले ते मला आठवत नाही. भावजी बोलले ते आठवतं. उभं राहून सभेत बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

"मी कुनाला शानपना शिकवाया उबा नाय," ते म्हणाले. "माज्या एकट्याच्या खोल्यानं काय व्हनार नाय. माजी सुटलेली तुमच्यात येतील, तुमी खा, माजा काय म्हनना नाय. पन सगल्यांनी सोडली तर सगल्यांना मिलतील. एक मोसम करून बगा. नाय जमला तर मना शिव्या द्या."

हात वर झाले. सगळे नाही, पण खूप. एक मोसम सगळ्या ट्रॉलर चौकोनी खोळा लावतील असं ठरलं. बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्या नाखव्यानं, म्हणजे बोटमालकानं, त्यांच्या पाठीवर थाप मारली. परतीच्या वाटेवर भावजींनी मला बाजारात नेऊन उसाचा रस पाजला, स्वतः दोन ग्लास प्यायले. मी बसमध्ये बसले तेव्हा ते खिडकीखाली उभे होते. इतकं मोकळं झालेलं मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दोनेक महिने मी सगळ्या बोटींच्या पाट्या मोजत होते. सुरुवातीला थोडा फरक दिसला. मग बाकीच्यांच्या पाट्यांत तळाला पुन्हा बोटाएवढी माकुलं यायला लागली. मी सरांना म्हणाले, असं कसं होईल, सगळ्यांनी खोळे बदललेत. सर म्हणाले, "मोजत राहा."

उत्तर भावजींनीच आणलं. धक्क्यावर एका बोटीचं जाळं वाळत पडलं होतं. जाता जाता त्यांनी त्याच्या खोळ्यात हात घातला. वरून चौकोनी आस होता, आणि आतून जुन्या बारीक जाळ्याचं अस्तर शिवलेलं होतं. त्यांनी पुढच्या बोटीचं बघितलं, तिसऱ्या बोटीचं बघितलं. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि आपली बोटं एकमेकांवर घासत राहिले.

"डब्बल हाय," एवढंच म्हणाले.

मी म्हणाले, "सोसायटीत सांगा."

"सोसायटी म्हंजे तेच ना गो."

तोवर दुसरं संकट येऊन ठेपलं होतं. बाहेरून आलेल्या काही बोटी, आणि हळूहळू आमच्या बंदरावरच्याही दोन-तीन, डोलकाठीला झगझगीत दिवे बांधून मासेमारी करायला लागल्या. माकुल उजेडाकडे धावतं, लहान असो, मोठं असो, अंड्यांनी भरलेलं असो. दिवा लावायचा, ती खाली गोळा झाली की जाळ्यानं वेढून सगळी उचलायची. यालाही बंदीच होती. दिवसा त्या बोटी शहाण्यासारख्या धक्क्याला लागलेल्या असायच्या, दिवे ताडपत्रीखाली. त्यांच्या पाट्या मी मोजायला मागितल्या तर द्यायचे नाहीत. पण नजरेला दिसायचं ते दिसायचं. अंडी भरलेल्या, पोट फुगलेल्या माद्यांच्या राशी होत्या.

दिवाळीनंतर भावजींच्या बोटीवरचे चार खलाशी त्या दिवेवाल्यांकडे गेले. सगळ्यात जुना खलाशी जाताना घरी आला होता, तेव्हा मी तिथेच जेवत होते. तो आत येईना, पायरीशीच उभा राहिला.

"नाखवा, तुमचा बरोबर हाय," तो म्हणाला. "पन तुमच्या बरोबरनं माज्या घरची चूल पेटत नाय."

भावजींनी मान हलवली. ताईनं त्याला सुक्या बोंबलांची पिशवी दिली. तो गेल्यावर भावजी ताटावर येऊन बसले आणि जेवण न करताच उठले.

थंडीतली एक सकाळ मला अजून लख्ख दिसते. भावजींची बोट लागली. उरलेले तीन आणि एक नवा, अशा चार खलाशांवर ते बोट चालवत होते. मी नेहमीसारखी पाटी मागितली. ती द्यायला भावजी स्वतः आले नाहीत, नव्या खलाशानं दिली. मी ओतली. वरची दहा-बारा माकुलं उचलून बाजूला केली आणि खाली पाहिलं, तर बोटाएवढी. करंगळीएवढीसुद्धा. काहींच्या अंगावर अजून ठिपके फुलत होते.

मी उठले आणि जाळ्याकडे गेले. भावजी तिथेच होते, पाठमोरे. मी खोळ्यात हात घातला. ताईच्या गाठींच्या आत दुसरं जाळं होतं. अस्तर शिवलेलं होतं, घाईघाईत, वेड्यावाकड्या टाक्यांनी. ते टाके ताईचे नव्हते.

"भावजी," मी म्हणाले.

ते वळले नाहीत. "ही पोरं पन गेली तर बोट कोन हाकनार? मी एकला?"

"मला सांगितलं असतं..."

"काय सांगू? तुना सांगून काय व्हनार होता?" मग ते वळले. डोळे लाल होते, झोपेनं की कशानं कोण जाणे. "लिव. जे हाय ता लिव. खोटा लिवू नको माज्यासाटी."

मी परत जाऊन बसले आणि मोजायला लागले. माझ्या तक्त्यात बोटीच्या नोंदणी क्रमांकाचा रकाना होता. तीच बोट दोनदा मोजली जाऊ नये म्हणून तो आहे, असं सरांनी सांगितलं होतं. घाईच्या दिवशी मी तो कितीदा तरी रिकामा सोडला होता, आणि कोणी मला विचारलं नव्हतं. त्या दिवशीही सोडता आला असता. मी भरला. शेऱ्याच्या रकान्यात 'खोळ्याला आतून अस्तर' असंही लिहिलं. भावजींनी लिव म्हटलं म्हणून मी लिहिलं, असं मी पुढे पुष्कळ जणांना सांगितलं. ते खरं आहे, पण पुरं खरं नाही. मी रागानं लिहिलं. इतरांनी फसवलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. त्यांनी अस्तर लावलं तेव्हा मला माझा अपमान वाटला. पेन इतकं दाबलं होतं की क्रमांक खालच्या पानावर उमटला.

तीन-चार आठवड्यांनी दिवेवाल्या बोटींविरुद्ध बराच आरडाओरडा झाला. लहान होड्यांवर पोट असलेल्या लोकांनी मोर्चा नेला. काहीतरी कारवाई दाखवणं भाग होतं. एका सकाळी मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी आणि पोलीस बंदरावर आले. दिवेवाल्या बोटींवरचे दिवे आदल्या दिवशीच उतरले होते. कोणाला कुठून कळलं ते विचारायचं नाही. अधिकाऱ्यांच्या हातात एक कागद होता. त्यांनी धक्क्यावरून चालत चालत क्रमांक वाचले आणि भावजींच्या बोटीपाशी थांबले.

मी तिथेच होते, हातात पट्टी घेऊन. अधिकाऱ्यानं खोळा उलटा करायला लावला. अस्तर बाहेर आलं. पंचनामा झाला, जाळं जप्त झालं, सुनावणी होईपर्यंत बोट बाहेर काढायची नाही असा हुकूम झाला. दोन्ही बाजूंना बोटी उभ्या होत्या आणि त्यांतल्या किती खोळ्यांना अस्तर होतं ते मला, भावजींना आणि सगळ्या बंदराला माहीत होतं. हिरवं जाळं टेम्पोत भरताना भावजींनी स्वतः एक टोक उचलून दिलं, ओढाताणीत फाटू नये म्हणून.

मी सरांना फोन केला. त्यांचा आवाज खाली गेला. खात्यानं माहिती मागवली होती, त्यांनी सगळे तक्ते पाठवले होते. "मी फक्त आकडे दिले," ते म्हणाले. "क्रमांकाचा रकाना काढायला हवा होता. माझ्या लक्षात नाही आलं." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. बंदरावर सगळ्यात आधी चौकोनी खोळा या माणसानं लावला, असं पत्र त्यांनी त्याच दिवशी लिहून दिलं. ते पत्र घेऊन मी आणि भावजी खात्याच्या कार्यालयात गेलो. बाकावर अर्धा दिवस बसलो. साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे ठीक आहे. पण तुम्ही म्हणता, सगळेच अस्तर लावतात. मग लिहून द्या. कोणकोणत्या बोटी ते सांगा. तुमच्यासाठी मग काहीतरी करता येईल."

माझ्या पिशवीत वही होती. मला सगळे क्रमांक पाठ होते. मी भावजींकडे पाहिलं.

"नाय साहेब," ते म्हणाले. "माजा लिवलाय तेवडा बास."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. ज्यांनी तुम्हाला फसवलं त्यांना कशाला वाचवता, म्हणाले. ते चालत राहिले. नाक्यावर आल्यावर म्हणाले, "त्यांनी मना फसवला, मग मी बी तेच केला. आता कुनाचा नाव घेऊ?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ताई ओटीवर तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बंदरावर एवड्या बोटी," ती म्हणाली. "तुज्या पट्टीत बसला तो योच एकला?"

मी म्हणाले, "ताई, त्यांनीच लिहायला सांगितलं होतं."

"तो सांगनारच. तुना कलत नवता?"

कळत होतं. ती उठून आत गेली आणि दार नुसतं लोटून घेतलं. भावजी मला एसटी थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी माझ्या नोकरीचं विचारलं, प्रकल्प अजून किती दिवस आहे, पुढे काय करणार. त्यांनी एका शब्दानं दोष दिला असता तर मला बरं झालं असतं.

सुनावणीच्या तारखा पडत गेल्या. मोसम संपला. उभ्या बोटीचं लाकूड सुकतं, फळ्यांच्या सांधी उघडतात. पाऊस गेल्यावर बघितलं तर तळात पाणी होतं. परवानगी आली तेव्हा खलाशी नव्हते. खलाशी मिळाले असते तर जाळं नव्हतं, आणि नवं जाळं बांधायला ताई बसली नाही. भावजींनी इंजिन काढून विकलं. पुढच्या वर्षी बोट तोडायला दिली. मी त्या दिवशी बंदरावर नमुने घेत होते. हातोड्यांचा आवाज येत होता आणि मी पाट्या मोजत होते. भावजी तिथे नव्हते. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात ते गेटवर सुरक्षारक्षक म्हणून लागले होते आणि त्यांची सकाळची पाळी होती.

प्रकल्प संपला. अहवालाच्या सभेला मी गेले, मागच्या रांगेत बसले. पडद्यावर आमच्या बंदराची रेघ होती, बोटींत येणाऱ्या माकुलांच्या लांबीची. ती खाली उतरत गेली होती. मधे एका ठिकाणी, काही महिन्यांपुरता, लहानसा उंचवटा होता. कोणीतरी विचारलं, हे काय आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारचे गृहस्थ सरांच्या आधीच बोलले, "एवढ्यातेवढ्याला अर्थ नसतो. नमुना घेण्यातला दोष असेल." सरांनी मागच्या रांगेत माझ्याकडे बघितलं. "दोष नाही," ते म्हणाले, "त्या काळात एका बोटीनं जाळं बदललं होतं." "एकाच बोटीनं?" त्या गृहस्थांनी विचारलं, आणि सर हो म्हणाले, आणि पुढची रेघ पडद्यावर आली.

ताई दीड वर्ष माझ्याशी बोलली नाही. मग आई आजारी पडली आणि हॉस्पिटलात आम्ही दोघी पाळीपाळीनं बसायला लागलो. पहिल्यांदा ती बोलली ती औषधांबद्दल. नंतर हळूहळू बाकीचंही. ते एक सोडून सगळं आम्ही बोलतो. मी आता पनवेलच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. बाजारात माकुल दिसतं. मी घेत नाही. पण मासळीवालीच्या पाटीवरून नजर हटत नाही, आणि लांबी मनातल्या मनात लिहिली जाते.

गेल्या महिन्यात मला एका बाईंचा फोन आला. नव्या अधिकारी होत्या, आवाज तरुण. चौकोनी खोळ्याची योजना परत सुरू करायची आहे, जाळी सरकार देणार आहे, पण मच्छीमार ऐकून घेत नाहीत. जुन्या कागदांत सरांचं पत्र सापडलं, त्या माणसाला बोलायला आणाल का, असं त्या विचारत होत्या. मनापासून विचारत होत्या. मी उरणला गेले.

भावजी जेवत होते. गणवेशाचा निळा शर्ट दोरीवर वाळत होता. केस बरेच पिकलेत. मी सगळं सांगितलं. ताई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

भावजींनी डोक्याकडे हात नेला. टोपी नव्हती. नुसताच केसांवरून हात फिरवला.

"सभा कवा हाय?" त्यांनी विचारलं.

मी वार सांगितला.

"त्या दिवशी माजी ड्युटी हाय," ते म्हणाले.

"बदलून घेता येईल ना? एक दिवस..."

"नाय देत बदलून."

ताईनं भाकरी तव्यावर टाकली. भावजींनी ताटातलं संपवलं, बोटं चाटली, पाणी प्यायले आणि मग फार हळू म्हणाले, "त्या बाईला सांग, पैल्यांदा सगल्यांच्या जाल्यात हात घालून बग. सगल्यांच्या. मग एकाला बोलाया उबा कर."

मी पनवेलला परत आल्यावर त्या बाईंना फोन केला आणि ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, त्यांच्याऐवजी दुसरं कोणी बोलेल का. मी नाही म्हणाले.